मैदानाबाहेरचा टीव्ही आणि त्याची वीज

अमेरिकेत फुटबॉलचा सामना रविवारी दुपारी १ वाजता सुरू होणार असला, तरी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सकाळी आठ-नऊपासूनच गाड्या लागतात. पिकअपचा मागचा फळका खाली पाडायचा, गॅसची शेगडी पेटवायची, घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि सामन्याची वेळ होईपर्यंत खात-पीत, शेजारच्या गाडीवाल्यांशी हुज्जत घालत बसायचं. याला टेलगेटिंग म्हणतात. ग्रीन बेच्या लॅम्बो फील्डबाहेर, कॅन्सस सिटीत, बफेलोच्या बर्फात, दक्षिणेकडच्या विद्यापीठांच्या आवारात त्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. मिसिसिपी विद्यापीठाच्या ‘ग्रोव्ह’ नावाच्या वनराईत तर लोक तंबूंमध्ये झुंबरं टांगतात.

या गर्दीतल्या सगळ्यांकडे सामन्याची तिकिटं असतात असं नाही. बरेच जण फक्त पार्किंगमधल्या मौजेसाठी येतात आणि सामना बाहेर बसून टीव्हीवर पाहतात. तिकीटवाल्यांनाही टीव्ही हवाच असतो. आपला सामना सुरू होण्याआधीचे कार्यक्रम, त्याच वेळी दुसऱ्या शहरांत चाललेले सामने आणि परतताना वाहनांची रांग ओसरेपर्यंत ४ वाजून २५ मिनिटांनी सुरू होणारा पुढचा सामना, हे सगळं त्यांना पाहायचं असतं. म्हणजे टीव्ही सहज पाच-सहा तास चालतो. त्याला सिग्नल लागतो आणि वीज लागते. सिग्नलची सोय कंपन्यांनी केव्हाच करून ठेवली. विजेचं मात्र ज्याचं त्यानं पाहायचं असतं, आणि गमतीचा भाग असा, की सर्वात जास्त पैसा, आवाज आणि धूर याच सोप्या प्रश्नावर वाया जातो.

आधी छत्रीविषयी. १९८०च्या दशकात उपग्रहावरून टीव्ही पाहायचा, तर दोन-तीन मीटर व्यासाची अवाढव्य डिश अंगणात रोवावी लागे. १९९४मध्ये डायरेक्टीव्ही सुरू झाली आणि १८ इंची, म्हणजे परातीपेक्षा थोडी मोठी छत्री बाजारात आली. १९९६मध्ये डिश नेटवर्क आलं. छत्री एवढी लहान झाल्यावर ती डिकीत टाकून नेण्याची कल्पना सुचायला वेळ लागला नाही. त्यातच डायरेक्टीव्हीने १९९४पासूनच ‘एनएफएल संडे तिकीट’ नावाचं पॅकेज विकायला घेतलं. साध्या वाहिन्यांवर तुमच्या भागातल्या संघाचे सामने दिसतात. न्यू जर्सीत राहून शिकागोच्या संघाचा सामना पाहायचा, तर हे पॅकेज घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पार्किंगमधल्या छत्र्यांचं पीक आलं ते मुख्यतः यामुळे.

अमेरिकेतून पाहताना हे उपग्रह दक्षिणेच्या आकाशात, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. न्यू जर्सीतून डायरेक्टीव्हीचा १०१ अंश पश्चिमेचा उपग्रह नैर्ऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर येतो. मुंबईत छत्री याहून बरीच वर तोंड करून असते, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ. न्यू जर्सीत कोन कमी असल्यामुळे शेजारची उंच बस, दिव्याचा खांब, झाड, काहीही आड येऊ शकतं. म्हणून अनुभवी मंडळी जागा निवडताना आधी नैर्ऋत्येकडे बघतात, मग सावलीकडे.

आता या सगळ्याला वीज किती लागते? छत्रीच्या टोकावर सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो, त्याला रिसीव्हरकडूनच कोअ‍ॅक्सियल केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट मिळतात. साध्या एलएनबीची भूक चार-पाच वॉटची. घुमटाकार, स्वतः फिरून उपग्रह शोधणाऱ्या अँटेनांना मोटर असल्यामुळे थोडी जास्त वीज लागते, पण तीही शोध चालू असेपर्यंतच. डिश नेटवर्कसाठी किंग कंपनीने काढलेला ‘टेलगेटर’ नावाचा घुमट आपली सगळी वीज त्याच केबलमधून घेतो, वेगळी वायर लागत नाही. पार्किंगमध्ये तो एवढा रुजला, याचं निम्मं श्रेय या गोष्टीला द्यायला हवं. डायरेक्टीव्हीचं गणित जरा अडचणीचं. तिच्या एचडी वाहिन्या केए बँडवर असल्याने असे लहान घुमट त्या पकडू शकत नाहीत. तिपाईवर मोठी लंबगोल छत्री लावून कोन हातानेच जुळवावा लागतो. शिवाय तिच्या एका केबलवर चालणाऱ्या एलएनबीला २१ व्होल्ट देणारा पॉवर इन्सर्टर नावाचा छोटा डबा वेगळा जोडावा लागतो. घरून निघताना विसरण्याच्या वस्तूंमध्ये याचा पहिला नंबर. घरी तो टीव्हीच्या कपाटामागे कुठेतरी निमूट पडलेला असतो, त्यामुळे तो आहे हेच लोकांच्या ध्यानात नसतं. मैदानावर पोचल्यावर छत्री बरोबर, केबल बरोबर, रिसीव्हर बरोबर, आणि पडद्यावर काही नाही!

पुढचा हिशेब सोपा आहे. ३२ इंची एलईडी टीव्ही ४० वॉट, रिसीव्हर २०, छत्री १०, वर एखादा साउंडबार २०. एकूण ९० वॉट. टीव्हीच्या लेबलवर याहून कमी आकडा असू शकतो, पण तो घरातल्या मंद उजेडासाठी. भर दुपारी उन्हात पडद्याची चमक पूर्ण वाढवावी लागते आणि वॉटही वाढतात. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. घरी सगळी जोडणी करून, चमक पूर्ण ठेवून एकदा मोजून घेतलं, की अंदाजपंचे कारभार संपतो.

९० वॉट सहा तास, म्हणजे ५४० वॉट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत ही वीज घेतली, तर १०-१५ टक्के वाटेत गळते. तेव्हा बॅटरीतून सुमारे ६३५ वॉट-तास निघतात असं धरू. आपल्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. याचा अर्थ, पार्किंगमधल्या दिवसभराच्या टीव्हीचा सगळा प्रश्न फार तर पाऊण युनिटाचा आहे. हा आकडा डोक्यात ठेवला, की पुढच्या साधनांची पारख करणं सोपं जातं.

पहिलं साधन प्रत्येकाच्या हाताशी असतं ते म्हणजे गाडीची बॅटरी. ६० अँपिअर-तासांची बॅटरी गुणिले १२ व्होल्ट, झाले ७२० वॉट-तास. हिशेबात बसतं की! इथेच लोक फसतात. गाडीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद शे-दोनशे अँपिअरचा झटका देण्यासाठी घडवलेली असते. तिच्या प्लेट्स पातळ असतात. थोडी वापरली, लगेच भरली, असं तिचं आयुष्य. तिच्यातली पाव वीज घेतली तरी पुरे म्हणायचं. त्यापुढे गेलात तर संध्याकाळी गाडी सुरू होण्याची खात्री नाही, आणि चार-सहा वेळा तिला तळापर्यंत नेलंत तर बॅटरी कायमची जाते. भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट असतात, १२.० वर ती जवळपास रिकामी झालेली असते. इन्व्हर्टर मात्र साधारण १०.५ व्होल्टला स्वतःला बंद करतो. म्हणजे इन्व्हर्टरचा भोंगा वाजेपर्यंत गाडीचा जीव गेलेला असतो. त्यात इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, धक्का मारून सुरू करण्याचा आपला हातखंडा उपाय त्यांना चालत नाही. सामना संपल्यावर पार्किंगमध्ये जम्पर केबल हातात धरून हिंडणारी माणसं दिसतात, ती बहुधा याच वाटेने तिथवर आलेली असतात.

मग काही जण इंजिन चालूच ठेवतात. अल्टरनेटरला ९० वॉट म्हणजे किस झाड की पत्ती, हे खरं. पण त्या पाऊण युनिटासाठी दोन-अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन तासन् तास घरघरत ठेवायचं आणि तासाला लिटरभर पेट्रोल जाळायचं, हा हिशेब कुठल्याच बाजूने जुळत नाही. न्यू जर्सीसारख्या राज्यात तर काही अपवाद सोडले तर ३ मिनिटांहून जास्त वेळ उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं कायद्याविरुद्ध आहे. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे टेलगेटिंग करणारी माणसं गाडीच्या मागे बसतात आणि धुराची नळीही मागेच असते. लहान मुलं त्या नळीच्या उंचीवर खेळत असतात. हा पर्याय मी सरळ बाद धरतो.

इन्व्हर्टरचं दोन शब्दांत उरकतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे जेमतेम १२० ते १८० वॉट. टीव्हीला पुरतात, पण त्यावर कुणी ब्लेंडर लावला की फ्यूज उडालाच. स्वस्त इन्व्हर्टर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. टीव्ही त्यावर चालतो, पण आवाजात घरघर येते. शुद्ध साइन लहरीचा घ्यावा, आता किमतीतला फरक फारसा उरलेला नाही. वायरकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. ९० वॉटसाठी १२ व्होल्टच्या बाजूला सुमारे ९ अँपिअर वाहतात. १६ गेजच्या बारीक वायरीने ५ मीटर लांब नेलेत, तर जाऊन-येऊन १० मीटरमध्ये एक व्होल्टाहून जास्त गळतो. बॅटरी चांगली भरलेली असतानाही इन्व्हर्टर ओरडू लागतो आणि दोष बॅटरीला मिळतो. तीच लांबी १२० व्होल्टच्या बाजूला ठेवली, तर गळती नगण्य. तेव्हा इन्व्हर्टर बॅटरीला खेटून, जाड आखूड वायरीने जोडलेला, आणि लांब एक्स्टेन्शन त्याच्यापुढे.

गाडीची बॅटरी वाचवण्यासाठी जुन्या जाणत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे वेगळी डीप सायकल बॅटरी. जाड प्लेट्सची, होड्यांवर वापरतात तशी. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात ज्यांनी घरात १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर बाळगला, त्यांना हिचं शास्त्र शिकवायला नको. निम्म्याखाली उतरवू नका, रिकामी ठेवून देऊ नका, पाणी पाहत जा. ९० अँपिअर-तासांच्या बॅटरीतली निम्मी वापरली, तर ५४० वॉट-तास हाती येतात. वर काढलेल्या ६३५ला ते थोडे कमी पडतात, साउंडबार बंद ठेवला तर निभतं. वजन मात्र पंचवीसेक किलो. गाडीशेजारी बसणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, पण ग्रोव्हमध्ये गाड्या आत जात नाहीत. तिथे सगळं सामान हातांनी वाहून न्यावं लागतं आणि हे धूड उचलायला मित्र शोधावा लागतो.

होड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. टेनेसी विद्यापीठाच्या नॉक्सव्हिलमधल्या स्टेडियमला लागून नदी आहे. १९६२मध्ये जॉर्ज मूनी नावाचा निवेदक रहदारी चुकवण्यासाठी होडीने सामन्याला आला, आणि आज तिथे होड्यांचा तांडाच नांगर टाकून असतो. त्या मंडळींना विजेची चिंता नाही, होडीत डीप सायकल बॅटरी असतेच. त्यांची अडचण उलटी आहे. होडी डुलते आणि साध्या छत्रीचा नेम चुकतो. डुलतानाही नेम धरून ठेवणारी अँटेना घ्यायची, तर तिची किंमत वेगळ्याच दुनियेतली.

आता जनरेटर. पार्किंगमध्ये त्याच्याइतका वादाचा विषय दुसरा नाही. बांधकामावर दिसतो तसा उघड्या सांगाड्याचा जनरेटर ७० डेसिबलच्या आसपास आवाज करतो आणि इंजिन ठरलेल्या वेगानेच पळवतो, टीव्ही लावा नाहीतर रिकामा ठेवा. होंडाच्या ईयू२०००आय आणि २०१८मध्ये त्याच्या जागी आलेल्या ईयू२२००आयने हे चित्र बदललं. यांतली वीज आधी एकदिश केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने शुद्ध लहरीची बनवली जाते. त्यामुळे इंजिनचा वेग लोडप्रमाणे खाली-वर होऊ शकतो आणि कमी लोडवर यंत्र जवळपास पुटपुटतं. ईयू२२००आय १,८०० वॉट अखंड देतो, वजन २१ किलोच्या आसपास, टाकी साडेतीन लिटरची आणि पाव लोडवर ती आठेक तास पुरते. टीव्हीचे ९० वॉट तर पाव लोडाच्याही पाचवा हिस्सा. यंत्र म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही.

पण माझा आक्षेप यंत्राला नाही, पार्किंगमधल्या त्याच्या जागेला आहे. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला आधी डोकेदुखी होते, मग मळमळ, आणि थंडीत दोन बिअर प्यायलेल्या माणसाला ती कशाने झाली हे कळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला असतो, की जनरेटर माणसांच्या वस्तीपासून किमान २० फूट दूर, धूर उलट्या दिशेला जाईल असा ठेवावा. आता पार्किंगमधला एक चौकोन किती रुंद? साधारण ९ फूट. म्हणजे माझ्यापासून २० फुटांवर ठेवलेला जनरेटर माझ्या शेजाऱ्याच्याही पलीकडच्या शेजाऱ्याच्या खुर्चीपाशी जातो. माझी सुरक्षितता त्याच्या नाकाशी. भरलेल्या पार्किंगमध्ये हा नियम पाळताच येत नाही, आणि पावसात तर लोक यंत्र भिजू नये म्हणून ते तंबूच्या कडेला सरकवतात, जे सर्वात घातक. बऱ्याच स्टेडियमांचे आवाजाविषयी आणि जनरेटरविषयी स्वतःचे नियम आहेत, ते दर मोसमाला बदलतातही. जाण्याआधी वाचलेले बरे.

पेट्रोलचं दुखणं वेगळं. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. मोसम संपल्यावर टाकीत तसंच ठेवलं, तर पुढच्या सप्टेंबरात कार्ब्युरेटरमध्ये डिंक झालेला असतो. वर्षाला आठ-दहा रविवार वापरायच्या यंत्राची ही उठाठेव किती करायची?

जनरेटरवाले यावर म्हणतील, आमचा टीव्ही एकटा नाही हो. स्लो कुकर २०० ते ३०० वॉट, कॉफीचं यंत्र ९००, विजेचा तवा किंवा हीटर १,५००. बरोबर. पण मग जनरेटर टीव्हीसाठी लागत नाही, तव्यासाठी लागतो. उष्णता निर्माण करायला वीज वापरली की आकडे असे फुगतात. शेजारीच प्रोपेनची टाकी आहे, तिच्यावर शेगडी आहे. तवा तिच्यावर तापवा, कॉफी तिच्यावर उकळा. ऊब आणि अन्न गॅसवर, चित्र आणि आवाज बॅटरीवर, अशी वाटणी केली की जनरेटरचं कारणच उरत नाही.

ही वाटणी आज शक्य झाली ती लिथियम बॅटऱ्यांच्या पेट्यांमुळे. इथे त्यांना पॉवर स्टेशन म्हणतात, नाव भारदस्त असलं तरी आकार टूलबॉक्सएवढा. आत बॅटरी, शुद्ध लहरीचा इन्व्हर्टर, चार्जर, आणि किती वीज उरली ते सांगणारा पडदा. या धंद्यात गोल झीरो जुनी कंपनी, तिच्या सुरुवातीच्या पेट्या लेड-अ‍ॅसिडच्याच होत्या. मग जॅकरी, इकोफ्लो, ब्लूएटी अशी नावं आली आणि वजन झपाट्याने उतरलं. जॅकरीच्या एक्सप्लोरर ५०० या पेटीत ५१८ वॉट-तास आणि वजन ६ किलो. एक्सप्लोरर १०००मध्ये १,००२ वॉट-तास आणि १० किलो. छापील क्षमतेतले ८५ टक्के हाती येतात असं धरावं. त्या हिशेबाने लहान पेटीवर आपली ९० वॉटची जोडणी पावणेपाच-पाच तास चालते, मोठीवर नऊ तास. आवाज नाही, धूर नाही, पेटी खुर्चीखाली ठेवली तरी चालते.

विकत घेताना एकच गोष्ट नीट पाहावी, ती म्हणजे आतलं रसायन. जुन्या पेट्यांत निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्या असत, त्या पाचशे ते आठशे वेळा भरून-रिकाम्या करता येतात. आता लिथियम आयर्न फॉस्फेटच्या येतात, त्या दोन-तीन हजार वेळा चालतात आणि तापून पेट घेण्याचा धोकाही त्यांत बराच कमी. याच क्षमतेला वजन थोडं जास्त, इतकाच तोटा. हे रसायन टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि १९९७च्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी अक्षय पाढी आणि नंजुंदस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९मध्ये लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

थंडीचा मुद्दा मात्र टाळून चालत नाही, कारण फुटबॉलचा मोसम जानेवारीपर्यंत चालतो. ग्रीन बेला ३१ डिसेंबर १९६७च्या सामन्यात तापमान उणे २५ सेल्सिअस होतं, तो सामना आजही ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. उणे १८ला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची क्षमता जवळपास निम्मी होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली भरता येत नाही, वापरता येते, पण हात आखडते. उपाय साधा आहे. पेटी घरातून पूर्ण भरून आणा, गाडीच्या आतल्या भागात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर रिकाम्या आइसबॉक्समध्ये झाकण किलकिलं ठेवून बसवा. जी पेटी थंडावा आत धरते ती ऊबही धरते, आणि इन्व्हर्टरची स्वतःची उष्णता कामी येते. झाकण पूर्ण लावू नका, त्याला हवा लागते. टीव्हीचा एलसीडी पडदाही कडाक्यात आळसावतो, त्यावर इलाज नाही.

काही पिकअपमध्ये आता वीज अंगचीच असते. फोर्डच्या २०२१च्या एफ-१५० हायब्रिडमध्ये मागच्या हौद्यात सॉकेट आहेत, २.४ किलोवॉटपासून ७.२ किलोवॉटपर्यंत. त्याच फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेने वीज गेली, तेव्हा काहींनी या गाड्यांवर घरं चालवली. विजेवर चालणारी एफ-१५० लाइटनिंग ९.६ किलोवॉटपर्यंत देते. टीव्ही तिला जाणवणारही नाही. हायब्रिडचं इंजिन मात्र मधूनमधून आपोआप सुरू होतं आणि धुराचा प्रश्न परत येतो. कुणी टीव्हीसाठी अशी गाडी घेणार नाही, पण घेतलेली असेल तर हा लेख इथेच मिटवावा.

सोलर पॅनलविषयी इथे फार आशा ठेवू नये. १०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात ६०-७० वॉट देतं. डिसेंबरात न्यू जर्सीत भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम २६ अंश चढतो आणि साडेचारला मावळतो. उन्हाळ्यात तळ्याकाठी तंबू ठोकणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

इन्व्हर्टरच टाळणं ही जास्त कामाची युक्ती. काही लहान टीव्ही आणि काही रिसीव्हर मुळात १२ व्होल्टच्या बाहेरच्या अडॅप्टरवर चालतात. म्हणजे बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टरने १२० करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा १२ करायचे, असा द्राविडी प्राणायाम चालतो. लिथियम पेटीला १२ व्होल्टचं स्थिर सॉकेट असेल, तर थेट जोडून गळती वाचते. आधी अडॅप्टरवरचा व्होल्टचा आणि अँपिअरचा आकडा वाचा, काही टीव्ही १९ व्होल्ट मागतात. थेट गाडीवर मात्र जोडू नका, इंजिन सुरू असताना तिथे १४ व्होल्टांच्या वर जातात.

इतकं झाल्यावर खरा प्रश्न उरतो तो छत्रीचाच. संडे तिकीट २०२२च्या मोसमापर्यंत डायरेक्टीव्हीकडे होतं. २०२३पासून ते यूट्यूबवर गेलं. गुरुवारचे सामने २०२२पासून अ‍ॅमेझॉनवर असतात. ज्या पॅकेजने छत्र्या पार्किंगमध्ये आणल्या, तेच छत्रीवरून उठून गेलं. मोबाइलवरून सामना पाहावा, तर स्टेडियमभोवती सत्तर हजार माणसांचे फोन एकाच टॉवरवर तुटून पडलेले असतात. चित्र अडखळतं आणि हवेतून येणाऱ्या प्रक्षेपणाच्या अर्धा-पाऊण मिनिट मागे असतं. स्टेडियममधून जल्लोष ऐकू आला, की टचडाउन झाला हे पडद्याआधी कानांना कळतं. स्टारलिंकने २०२४मध्ये आणलेली मिनी ही सपाट अँटेना लॅपटॉपएवढी आहे, २५ ते ४० वॉट खाते आणि थेट १२ व्होल्टवर चालते. विजेच्या अंगाने पाहिलं, तर रिसीव्हर आणि छत्री मिळून लागतात त्यापेक्षा फार तर दहा वॉट जास्त, इतकंच.

आणि सर्वांत स्वस्त साधनाकडे कुणी बघतच नाही. स्थानिक संघाचा रविवारचा सामना सीबीएस, फॉक्स किंवा एनबीसीवर असतो आणि तो हवेतून फुकट येतो. १२ जून २००९ला अमेरिकेतलं मोठ्या केंद्रांचं प्रक्षेपण पूर्ण डिजिटल झालं, तेव्हापासून चित्रही स्वच्छ. एक साधी अँटेना टीव्हीला लावायची. रिसीव्हर नाही, पॉवर इन्सर्टर नाही, महिन्याची वर्गणी नाही, नैर्ऋत्येचं झाड नाही. अँटेनाला वीजही लागत नाही. जोडणी ९० वॉटवरून ६० वर येते आणि ५१८ वॉट-तासांची लहान पेटी सात तास पुरते.

आज कुणी विचारलंच, तर मी सांगेन की पाचशे वॉट-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेटची पेटी घ्या, ३२ इंची टीव्ही, फुकटची अँटेना, आणि स्वयंपाक गॅसवर करा. बाहेरगावच्या संघाचे सामने हवेच असतील, तर हजार वॉट-तासांची पेटी आणि स्टारलिंक मिनी. उपग्रहाची वर्गणी घरी आधीपासून चालू असेल तर छत्री जरूर न्या, तीही याच पेटीवर चालेल. टीव्हीसाठी म्हणून नवा जनरेटर विकत घेण्याचं कारण आता उरलेलं नाही. जुना असलाच आणि नेणारच असाल, तर तो तंबूत, डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नका, आणि सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारा.